सेमाग्लुटाइडवरून टिर्झेपेटाइडवर जाताना घ्यायची काळजी

वजन कमी करण्याची टिर्झेपेटाइड (मौंजारो) आणि सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) ही दोन्ही आठवडी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली. तेव्हापासून वजन कमी होणे थांबले म्हणून, मळमळ सोसवत नाही म्हणून किंवा खर्च झेपत नाही म्हणून एकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. हा बदल सुरक्षितपणे करता येतो. मात्र तो डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच व्हावा. औषध दुकानदाराच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या सल्ल्याने तो करू नये.

सर्वांत घातक समज मिलिग्रॅमबद्दलचा आहे. सेमाग्लुटाइडची मात्रा ०.२५ मिलिग्रॅमपासून २.४ मिलिग्रॅमपर्यंत, तर टिर्झेपेटाइडची २.५ पासून १५ मिलिग्रॅमपर्यंत वाढवत नेतात. या आकड्यांची आपसांत तुलना होत नाही, त्यामुळे एका औषधाची वरची मात्रा घेत होतो म्हणून दुसऱ्याचीही वरचीच घ्यावी, असा हिशेब मांडू नये. टिर्झेपेटाइडची ठरलेली सुरुवात आठवड्यातून एकदा २.५ मिलिग्रॅम, चार आठवडे, अशी आहे. पूर्वीचे औषध चांगले सोसलेल्या एखाद्या रुग्णाला डॉक्टर थोडी वरून सुरुवात करून देतीलही, पण तो निर्णय त्यांचा. या पहिल्या आठवड्यांत भूक पुन्हा जाणवू शकते आणि वजन थोडे वर सरकू शकते. त्याने घाबरून मात्रा स्वतःहून वाढवू नये, कारण ही मात्रा शरीराला औषधाची सवय व्हावी यासाठी असते.

म्हणूनच डॉक्टरांकडे जाताना शेवटच्या इंजेक्शनची तारीख आणि त्याची मात्रा लिहून न्यावी. सेमाग्लुटाइडचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे एक आठवडा लागतो आणि ते शरीरातून जवळजवळ पूर्ण जायला पाच आठवड्यांच्या आसपास. तेवढे थांबायची गरज सहसा नसते. जुन्या औषधाचा पुढचा डोस ज्या दिवशी घ्यायचा असतो, त्या दिवशी नव्याचा पहिला डोस देण्याची पद्धत आहे. मात्र उलट्या किंवा जुलाब चालू असतील तर ते थांबेपर्यंत वाट पाहावी, आणि दोन्ही औषधे एकत्र कधीही घेऊ नयेत. जुन्या औषधाचे शिल्लक इंजेक्शन-पेन वाया जाऊ नये म्हणून ते संपवण्याचा मोह होतो, तो टाळावा. मध्ये बरेच आठवडे खंड पडला असेल, तर आधी कितीही वरची मात्रा घेत असलात तरी बहुधा पुन्हा खालूनच सुरुवात करावी लागते, म्हणून तो खंड डॉक्टरांपासून लपवू नये.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. नव्या इंजेक्शनासोबत साखर एकदम उतरू शकते, त्यामुळे त्या औषधांची मात्रा अनेकदा कमी करावी लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत घरी ग्लुकोमीटरने साखर तपासावी, आणि एकादशी, नवरात्र किंवा रमजानचे उपवास त्याच काळात येत असतील तर ते धरायचे की नाही हे आधीच विचारून ठेवावे. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी टिर्झेपेटाइड सुरू केल्यावर आणि दर वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे गोळीसोबत निरोधही वापरावा किंवा गोळीऐवजी दुसरे साधन वापरावे, कारण गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. गरोदरपणाचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. स्वतःला किंवा कुटुंबात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झालेला असल्यास यांपैकी कोणतेच औषध चालत नाही.

पेनऐवजी कुपी आली की टोचण्याची रीतही बदलते. मौंजारोच्या एका डोसच्या कुपीत, ती २.५ ची असो वा ५ ची, अर्धा मिलिलिटरच द्राव द्यायचा असतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन सिरिंजा मिळतात: लाल टोपणाची ४० युनिटची आणि नारिंगी टोपणाची १०० युनिटची. अर्धा मिलिलिटर म्हणजे लाल टोपणाच्या सिरिंजवर २० ची रेघ आणि नारिंगीवर ५० ची. ही गल्लत घराघरांत होऊ शकते, म्हणून पहिला डोस दवाखान्यात डॉक्टरांसमोर किंवा नर्ससमोर घ्यावा. न उघडलेले औषध फ्रीजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे, पण फ्रीझरमध्ये किंवा बर्फाला चिकटवून ठेवू नये. गोठलेले औषध टाकूनच द्यावे.

मळमळ, बद्धकोष्ठता आणि पोट फुगणे सुरुवातीला अपेक्षित असते. थोडे थोडे खावे, तेलकट टाळावे, पाणी पुरेसे प्यावे. पण पोटात तीव्र कळ येऊन ती पाठीकडे जात असेल आणि थांबतच नसेल, तर तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणे, ताप किंवा डोळे पिवळे दिसणे हे पित्ताशयातील खड्यांमुळे होऊ शकते. अशा वेळी, तसेच उलट्यांमुळे पाणीही पोटात ठरत नसेल आणि लघवी कमी झाली असेल तेव्हा, पुढचा डोस न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कोणतीही शस्त्रक्रिया ठरलेली असल्यास भूलतज्ज्ञांना औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख सांगावी, कारण या औषधांमुळे जठर उशिरा रिकामे होते आणि नेहमीइतके उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेले असू शकते.