प्रोबेटनंतरचा हिशोब वेळेत होत नाही? मुदतवाढ अशी मागा

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, हातात आला की कोर्टाचे काम संपले, असे बहुतेकांना वाटते. खरे तर त्याच कागदावर तुम्ही दोन गोष्टी कबूल केलेल्या असतात: सहा महिन्यांत मालमत्तेची पूर्ण आणि खरी यादी, आणि एका वर्षात त्या मालमत्तेचे काय केले याचा हिशोब. नात्यातल्या चार मृत्युपत्रांचा एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करून देणारा, म्हणून मी हे निस्तरले आहे. चारपैकी एकदाही हिशोब वर्षात पुरा झाला नाही.

"सगळे असेच ठेवतात, कोर्ट कुठे विचारतंय?" हा सल्ला तुम्हाला मिळेलच. देणाऱ्याचे काय जाते, प्रोबेट तुमच्या नावावर आहे! भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३१७ नुसार कोर्टाने मागूनही यादी किंवा हिशोब मुद्दाम दिला नाही तर तो गुन्हा ठरतो. कलम २६३ प्रमाणे, सबळ कारणाशिवाय जाणूनबुजून टाळाटाळ केली तर प्रोबेटच रद्द होऊ शकते. वारसांपैकी एखादा नाराज असला की पहिला वार इथेच होतो.

आधी तारीख मोजा. मुदत प्रोबेट दिल्यापासून चालते, मृत्यूपासून नाही. कोर्टाचा आदेश एका दिवशी आणि प्रोबेटच्या कागदावरची तारीख दुसरीच, असे असेल तर मी आधीची धरतो. वाद नको.

अर्ज ज्या कोर्टाने प्रोबेट दिले त्याच कोर्टात करायचा. मालमत्ता किंवा तुम्ही राहता ते घर दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी तिथल्या कोर्टाचा इथे संबंध नाही.

आता यादी. सहा महिन्यांच्या यादीसाठी मुदतवाढ मागणे मला सहसा पटत नाही. कलम ३१७ मध्ये यादीसाठी शब्द आहे "अंदाज". फ्लॅटचे मूल्यांकन अडले, लॉकर उघडायचा राहिला, म्हणून सगळी यादी अडवून ठेवू नका. जे ठाऊक आहे ते द्या, जे अडले आहे ते अडले म्हणून लिहा, पुढे काही सापडले तर पुरवणी यादी द्या. यादी वेळेत गेलेली असली की हिशोबासाठी मुदतवाढ मागताना तुमच्या शब्दाला वजन येते.

कलमाच्या बाबतीत एक चूक फार दिसते. अर्जावर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १४८ टाकून देतात. त्या कलमात वाढीव मुदतीला एकूण तीस दिवसांची मर्यादा आहे, म्हणजे स्वतःच्याच पायात बेडी. कलम ३१७ मध्ये "कोर्ट ठरवील अशी पुढील मुदत" असे शब्द आहेत आणि दिवसांची मर्यादा नाही. प्रोबेटच्या ठरलेल्या नमुन्यात तर "वेळोवेळी" हा शब्दही आहे. अर्ज कलम ३१७ खालीच करा. एक वर्ष उलटून गेले असले तरीही करा. मुदत संपण्यापूर्वीच अर्ज आला पाहिजे, अशी अट त्या कलमात लिहिलेली नाही. पण उशिराचे कारण मग वेगळे सांगावे लागते.

आणि आता कारणे. घोडे इथेच पेंड खाते. माझ्या पहिल्या अर्जात मी कुणाच्या तरी जुन्या अर्जावरून उतरवले होते: "अपरिहार्य कारणांमुळे हिशोब पूर्ण होऊ शकला नाही." न्यायाधीशांनी शांतपणे विचारले, "अपरिहार्य म्हणजे नेमके काय?" माझ्याकडे पिशवीभर कागद होते, पण सांगता येईल असे एक वाक्य नव्हते. पुढची तारीख मिळाली आणि परतीच्या एसटीत बसून मी पहिल्यांदा प्रत्येक मालमत्तेपुढे तारखा लिहिल्या. तेव्हापासून तीच पद्धत आहे.

प्रतिज्ञापत्रात मालमत्तेगणिक एक परिच्छेद घ्या. त्यात तुम्ही काय केले, कोणत्या तारखेला केले आणि सध्या कागद कुणाच्या टेबलावर आहे, एवढे आले पाहिजे. "शेअर्सचे हस्तांतरण प्रलंबित आहे" हे कारण नव्हे. असे लिहा: "सलग सात वर्षे लाभांश न घेतल्यामुळे हे शेअर्स गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग झाले आहेत. परतीचा दावा १२ मार्च रोजी दाखल केला. कंपनीने ३ मे रोजी सहीतील फरकाचा खुलासा मागितला, तो १० मे रोजी दिला. उत्तर आलेले नाही." प्रत्येक तारखेला पोच जोडा. पोच नसेल तर ती तारीख लिहू नका.

जे पूर्ण झाले तेही लिहा, आणि आधी लिहा. अंत्यविधीचा खर्च, प्रोबेटचा खर्च, फेडलेली कर्जे, बंद केलेली खाती. निम्मे काम झालेला माणूस वेळ मागतो आहे हे वाचणाऱ्याला पहिल्या पानावरच दिसले पाहिजे. मधले तीन महिने तुमच्याच आजारपणात गेले असतील तर तसे सरळ लिहा. भावंडांवर खापर फोडू नका. त्यांचा वकील समोर उभा राहिला की तोच परिच्छेद आधी वाचून दाखवतो.

किती मुदत मागावी? संकोचून तीन महिने मागितले आणि दोनदा परत गेलो, हा माझा दुसरा मूर्खपणा. सर्वात मंद मालमत्तेला किती वेळ लागेल ते पाहा, त्यात दोन महिने मिळवा आणि मुदत महिन्यांत न मागता अमुक तारखेपर्यंत मागा.

बाकी किरकोळ: कोर्ट फी, नोटरी, प्रोबेटची प्रत, दाखल केलेल्या यादीची प्रत. लाभार्थ्यांची संमती कलम मागत नाही, पण मिळत असेल तर जोडा.

मुदतवाढीने फक्त कोर्टातल्या हिशोबाची तारीख सरकते. प्राप्तिकर विवरणपत्राची तारीख तिथेच राहते, मयताच्या येणे रकमांसाठी दावा लावायची मुदतही. लाभार्थी "आमचा वाटा कधी?" म्हणून मागे लागले तर त्यांचा नियम वेगळा आहे: कलम ३३७ प्रमाणे मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत वाटा देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. ते वर्ष मृत्यूपासूनचे, हिशोबाचे वर्ष प्रोबेटपासूनचे. ही दोन वर्षे एकमेकांत मिसळली की घरात भांडण ठरलेले.

आदेश झाला की त्याच आठवड्यात प्रमाणित नकलेसाठी अर्ज टाका. पुन्हा वेळ लागणार असेल तर नवी तारीख उलटण्याआधी दुसरा अर्ज करा आणि मागच्या आदेशानंतर काय हलले तेवढेच त्यात लिहा. जुना अर्ज तारीख बदलून देऊ नका. फाइल समोरच असते, दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचले जातात.