केबलचा ताण दुपारी मोजू नका

छोट्या विमानाची स्टिक आणि पेडल यांना जोडणाऱ्या नियंत्रण केबल जुळवून तपासायच्या आहेत. विमान पातळीत आहे, चाकांना ओट लावलेत, कोन आणि ताण यांचे आकडे देणारा डिझायनरचा तक्ता हाताशी आहे, हे धरून चालतो.

आधी दिशा. स्टिक डावीकडे गेली की डावा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) वर, उजवा खाली. स्टिक मागे ओढली की एलिव्हेटर (शेपटीची आडवी फळी) वर. उजवं पेडल दाबलं की रडरची (शेपटीच्या उभ्या फळीची) मागची कड उजवीकडे. हे दुसऱ्या माणसालाही स्वतंत्रपणे पाहायला लावा. एलेरॉन उलटे जोडले गेल्यामुळे कसलेले वैमानिकही प्राणाला मुकले आहेत.

मग कोन. फळी मध्यावर ठेवून डिजिटल कोनमापक शून्य करा आणि दोन्ही टोकांचे आकडे तक्त्याशी ताडून घ्या.

आता ताण. "बोटाने दाबून अंदाज येतो" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. टेन्सिओमीटर, म्हणजे ताण मोजायचं उपकरण, लागतोच, आणि केबलच्या जाडीनुसार त्याचा योग्य ठोकळाही. मे महिन्यात गोव्यातल्या डिचोलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी दुपारी तीनला रडरच्या केबल तक्त्यातल्या आकड्यावर आणल्या. सकाळी सहाला पाहिलं तर ढिल्या! तीन दिवस हेच चाललं. केबलच्या टोकाला दाबून बसवलेला जोड सरकतोय असं वाटून मी एक चांगला जोड कापूनसुद्धा टाकला.

दोष जोडात नव्हता, उन्हात होता. ॲल्युमिनियम साध्या पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ४ मीटर लांबीत १५ अंशांचा फरक पडला की ॲल्युमिनियमचा सांगाडा पोलादी केबलपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतो आणि केबल ताणली जाते. वर थंड हवेत गेलात की तीच केबल सैल. म्हणून पत्रे तापण्याआधी, पहाटे मोजा. थर्मामीटर फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आत ठेवा आणि तक्त्यातला त्या तापमानाचाच आकडा घ्या. फार सैल केबल कप्पीवरून उतरू शकते. फार आवळलेली केबल स्टिक जड करते आणि बेअरिंग खाते.

पेडल मध्यावर क्लॅम्पने बांधा आणि दोन्ही बाजूंचे टर्नबकल (केबल आवळायचे आट्यांचे जोड) सारखेच फिरवा, नाहीतर रडरचा मध्य सरकतो. क्लॅम्प सोडा, पेडल चार-पाचदा टोकापर्यंत हलवा आणि परत मोजा. पहिला आकडा फसवतो.

टर्नबकलबाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत. केबलवरून सुती फडकं फिरवा. धागा अडकला तिथे तार तुटलेली आहे. आपल्या खाऱ्या दमट हवेत कप्पीखालचा भाग जास्त बारकाईने बघा. पेडल फिरवून तो बाहेर काढा, केबल थोडी वाकवा. पिळातून तांबूस भुकटी निघाली तर ती केबल बदलाच.

टर्नबकल आपोआप फिरू नये म्हणून सेफ्टी वायर घातल्यावर दिशा पुन्हा तपासा, पहिल्यापासून.