सीनाकाठी घर असेल तर: उन्हाळ्यापासून पूर ओसरेपर्यंतची तयारी

काठावरचं घर पूर चढतानाच जातं असं नाही. बऱ्याचदा ते जातं पाणी उतरताना. ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीची तयारी सोपी होते, म्हणून तीच आधी सांगतो. नदी तुडुंब असते तेव्हा पाण्याचा रेटाच काठाला टेकू देत असतो. वरच्या धरणातून सोडलेलं पाणी, म्हणजे विसर्ग, घटला की पात्रातलं पाणी भराभर खाली जातं, पण काठाच्या पोटात मुरलेलं पाणी तेवढ्या लवकर बाहेर पडत नाही. माती भिजून जड झालेली, टेकू निघून गेलेला, पायथा पुरानं कुरतडलेला. मग अख्खी कड बसते. सप्टेंबर २०२५ च्या सीनेच्या पुरात लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला, तो सगळ्यांनी पाहिला. माझ्या आत्याच्या घरामागची कड मात्र त्यानंतर गेली. चांगलं ऊन पडलं होतं, माणसं घरं धुवायला परतली होती. ट्रॉलीतून मुरूम ओतल्यासारखा आवाज झाला आणि गोठ्याचा मागचा खांब, अर्धी कडब्याची गंजी खाली. म्हैस पुढच्या अंगणात बांधली होती म्हणून राहिली.

तयारी चैत्र-वैशाखात सुरू करा, कारण कड तेव्हाच नीट दिसते. आपल्याकडे गाव पांढरीवर आणि शिवार काळीवर. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंतींची, राखेची माती. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, टाकायला उत्तम, पण पायथ्याला पाणी लागलं की विरघळते. काळी भिजली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात काळीला कासवाच्या पाठीसारख्या भेगा पडतातच, त्यांना घाबरू नका. घाबरायचं ते नदीला समांतर धावणाऱ्या भेगेला, विशेषतः तिची दोन्ही टोकं धनुष्यासारखी नदीकडं वळली असतील तर. कडेचा तुकडा तुटायचा तो बहुतेक त्याच रेषेवर. अशी भेग चिकणमातीनं ठासून बुजवा. त्यानं कड वाचेल असं नाही, पण निदान पावसाचं पाणी सरळ तिच्या पोटात जाणार नाही.

मग टेप घ्या. मागच्या भिंतीपासून कडेपर्यंतचं अंतर तीन ठिकाणी मोजा, तिथं लोखंडी खुंट ठोका आणि आकडे तारखेसह दिनदर्शिकेच्या मागं लिहा. दर अमावस्येला पुन्हा मोजा. 'पूर्वी इथून लांब होती नदी' हे सगळेच म्हणतात. कुठल्या सालात किती फूट गेली हे कुणाला सांगता येत नाही, आणि अर्ज करायची वेळ येते तेव्हा हेच आकडे लागतात. भिंतीला तडा असेल तर त्यावर सिमेंटचा पातळ पट्टा ओढून तारीख कोरा. पट्टा तुटला, की तडा हलतोय. मागचं दार अचानक घासायला लागलं, तुळशीवृंदावन कलतंय असं वाटलं, तर तेही लिहून ठेवा.

घर वळणाच्या बाहेरच्या अंगाला असेल तर दुप्पट सावध राहा. नदी तिथंच काठ खाते आणि आतल्या अंगाला गाळ टाकते. जवळ वाळूउपसा होत असेल तर पात्र खोल जातं आणि तुमच्या कडेचा पाय उघडा पडतो. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या शेजारी राहत असाल तर मृगाआधी बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) निघालेत का, हे स्वतः जाऊन बघा. बरगे तसेच राहिले की पाणी बंधाऱ्याच्या बाजूनं वाट काढतं आणि शेजारचा काठ नेतं.

कडेवरचा भार कमी करा. कडबा, विटांचा थर, ट्रॅक्टर, शेणाचा उकिरडा पुढच्या बाजूला आणा. राडारोडा कडेवरून खाली ढकलून 'भराव' करू नका. तो पहिल्याच पाण्यात वाहतो, जाताना कडेची मातीही ओढून नेतो. न्हाणीचं पाणी आणि शोषखड्डा कडेच्या बाजूला अजिबात नको. आत्याकडं हीच चूक झाली होती: वर्षानुवर्षं मोरीचं पाणी मागं सोडलेलं, म्हणून ती जागा उन्हाळ्यातही ओली. उतारावर वाळा, बांबू लावा. ऐन कडेवरचं उंच, कललेलं झाड मात्र वाऱ्यात कड घेऊनच पडतं, त्याच्या फांद्या उतरवून घ्या. दगडी पिचिंग (काठाला दगडांचं अस्तर) किंवा जाळीत दगड भरलेली भिंत एकट्या घरानं बांधू नये, पाणी शेजाऱ्याकडं वळतं. तो विषय ग्रामसभेत घ्या आणि ठराव लेखी करून घ्या.

पावसाळ्यात आपलं आभाळ बघून निर्धास्त राहू नका. सोलापुरात जास्त पाऊस सप्टेंबरात, पण सीना चढते ती अहिल्यानगर-धाराशिवच्या पावसावर. सीनाकाठच्यांनी सीना-कोळेगाव धरणाचा विसर्ग रोज विचारावा. भीमाकाठच्यांनी उजनीचा, आणि नीरेतून येणारा वीर धरणाचाही. दोन्ही नद्या एकदम भरल्या की हत्तरसंग कुडलच्या संगमावर भीमा सीनेला अडवते आणि फुगवटा मागं सरकतो. आकडा क्युसेकमध्ये सांगतात, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी. तुमच्या घाटाच्या कितव्या पायरीला पाणी आलं तेव्हा किती क्युसेक चालू होतं, हे एकदा जुळवून ठेवलं की पुढच्या वेळी अंदाज येतो.

पिशवी आधीच भरलेली असावी: आधार, रेशनकार्ड, सातबारा, घराचा ग्रामपंचायतीतला नमुना ८ चा उतारा, बँकेचं पुस्तक दोन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, बीपी-शुगरच्या गोळ्या, बॅटरी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. निघताना मेन स्विच आणि सिलिंडर बंद करा. जनावरं माणसांच्या आधी हलवा, कारण रात्री अंधारात ती हलत नाहीत. दाव्याला एका ओढीत सुटणारी गाठ मारा. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि ११२ हे दोन्ही नंबर म्हाताऱ्यांच्या फोनमध्येही टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाणी उतरलं की परत जाण्याची घाई नको. आमच्या घरात ठरलेला नियम असा: कड जेवढी उंच, तिच्या दुप्पट अंतराच्या आत जी खोली येते, तिथं पूर ओसरल्यावर निदान आठ दिवस कुणी झोपायचं नाही. कडेच्या पायथ्यातून गढूळ पाणी पाझरत असेल तर आठ दिवसही पुरे नाहीत, ते थांबेपर्यंत झोपायचं नाही. झऱ्याचं पाणी गढूळ म्हणजे आतली माती वाहून चाललीय. पोरं पूर बघायला कडेवर जातात, त्यांना हात धरून मागं आणा. चिखल काढायला जायचंच असेल तर दिवसा जा, पुढच्या दारानं जा, आणि एकजण बाहेर उभा राहून कडेकडं बघत राहू द्या.

घर किंवा जमीन गेली असेल तर आवराआवर करण्याआधी फोटो काढा, खुंट आणि शेजारचं ओळखीचं झाड दिसेल असे. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. 'घरात पाणी शिरले' आणि 'कड खचून घर पडले' ही दोन वेगळी नुकसानं आहेत. आत्याच्या पंचनाम्यात पहिल्यांदा फक्त पाणी शिरल्याचं लिहिलं होतं; दिनदर्शिकेमागचे आकडे दाखवल्यावर दुसऱ्या दिवशी ते बदललं. शेतजमीन खरडून गेली असेल तर गट नंबर आणि गेलेलं क्षेत्र वेगळं नोंदवून घ्या, पिकाच्या नुकसानीत मिसळू देऊ नका, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.