एकादशी, दुप्पट खाशी: वजन उतरवताना या चुका टाळा

फेब्रुवारीत नाशिकमध्ये कुणाला द्राक्षं बंद करायला सांगणं म्हणजे काय, हे इथं राहणाऱ्यालाच कळेल. दिंडोरीहून नणंदेकडचं कॅरेट येतं, शेजारच्या काकू पिशवी आणून देतात, ऑफिसात कुणीतरी डबा उघडून पुढं करतं. सहा वर्षांपूर्वी मला मिळालेल्या डाएट चार्टवर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: द्राक्षं, केळी, भात, साखर बंद. अकरा दिवस मी एक मणी तोंडात टाकला नाही. बाराव्या रात्री घरातले झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्याउभ्या जवळजवळ किलोभर द्राक्षं खाल्ली, मग डब्यातला चिवडा, मग वाढदिवसाचा उरलेला केक. भूक नव्हती. खाताना चव लागली का, तेही आठवत नाही. सकाळी उठले ती स्वतःला शिव्या देतच, आणि चार्ट आणखी कडक केला.

हे चक्र मी चार वेळा फिरले. दर वेळी पाच-सहा किलो उतरले, दर वेळी सात-आठ चढले. मला मधुमेह नाही. १०० ग्रॅम द्राक्षांत ७० च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे वाटीभर द्राक्षांनी माझं काहीच बिघडणार नव्हतं. बिघडलं ते बंदीनं. ज्या चुका मी केल्या आणि आता आजूबाजूला रोज पाहते, त्या सांगते.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: पदार्थावर बंदी

आपल्याकडं म्हण आहेच, एकादशी अन् दुप्पट खाशी. ती ज्यानं पहिल्यांदा म्हटली त्याला माणसाचं मन पुरतं कळलेलं होतं. उद्यापासून बंद म्हटलं की आजच पोटाला तडस लागेपर्यंत खाल्लं जातं. बंद केलेला पदार्थ दिवसभर डोळ्यांपुढं नाचतो. आणि एक घास गेला की ‘आता मोडलंच आहे ना’ म्हणून पुढचं सगळं जातं. आपल्या भाषेत उपास ‘मोडतो’. मोडलेली वस्तू पुन्हा जुळत नाही, म्हणून मग उरलेला दिवस सोडूनच दिला जातो.

१९७५ मध्ये सी. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी हेच प्रयोगात पाहिलं. काही मुलींना आधी मिल्कशेक दिला, काहींना नाही, आणि मग सगळ्यांना आइस्क्रीमची चव सांगण्याच्या निमित्तानं हवं तेवढं खाऊ दिलं. ज्या एरवी खाण्यावर बंधनं घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या सतत डाएटवर असायच्या, त्यांनी उलट जास्त खाल्लं. मिल्कशेकनं त्यांचा नियम मोडला होता, आणि नियम मोडल्यावर पोट भरल्याचा निरोप कुणी ऐकतच नाही.

त्याहून जुना आणि मला जास्त हलवून गेलेला प्रयोग १९४४-४५ मधला, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी, स्वेच्छेनं आलेल्या तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी. वजन एक चतुर्थांशाच्या आसपास घटलं. पण मनाचं काय झालं ते बघा: ही मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली, ताटं चाटू लागली, स्वप्नातही अन्नच. चिडचिड वाढली, उदासी आली. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर काही जण पोट गच्च झालं तरी खातच राहिले, भूक भागलीच नाही असं म्हणत. आधी ही सगळी धडधाकट मनाची मुलं होती. आज आपल्या हातात १,२०० कॅलरींचा चार्ट येतो आणि तो पाळता आला नाही की आपण म्हणतो, माझ्यात मनोनिग्रह नाही. नाही हो. शरीराला दुष्काळ आल्यासारखं वाटतं आणि ते जगायची धडपड करतं, एवढंच.

मग करायचं काय? बंदीच्या यादीतला एकच पदार्थ निवडा. तो घरात आणा. जेवणानंतर, पोट भरलेलं असताना, वाटीत घेऊन, बसून खा. पिशवीतून नाही, उभ्यानं नाही, टीव्हीसमोर नाही. उद्याही तो मिळणार आहे, हे मनाला पटायला वेळ लागतो. पहिले दहा-पंधरा दिवस तुम्ही तो जास्तच खाल, आणि इथंच बहुतेक जण घाबरून पुन्हा बंदीवर येतात. घाबरू नका. रोज मिळणाऱ्या गोष्टीची ओढ आपोआप कमी होते. माझ्या डब्यात आता चिवडा पंधरा-पंधरा दिवस पडून असतो. मधुमेह असेल, इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर मात्र काय आणि किती हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

दिवसभर कंट्रोल, संध्याकाळी सुटका

सकाळी फक्त चहा. अकराला पुन्हा चहा. डब्यात दोन फुलके आणि दुधीची भाजी. साडेपाचला अंबडहून किंवा सातपूरहून निघायचं, सिडकोत वळणावर तेलात वडे सुटल्याचा वास, आणि मग दोन वडापाव, घरी येऊन फरसाण, वर नऊला जेवण. ‘संध्याकाळी माझा ताबाच राहत नाही’ असं म्हणणाऱ्या दहा जणांना मी दुपारी काय खाल्लं विचारते, आणि बहुतेकांचं उत्तर हेच असतं. संध्याकाळची चूक दुपारी घडलेली असते.

दुपारच्या डब्यात मोड आलेल्या मटकीची उसळ, घट्ट वरण, पिठलं, अंडी, दही यांपैकी काहीतरी भरपूर हवं. भाकरी किंवा पोळी भूक असेल तेवढी. चार-साडेचारला, भूक कडकडून लागायच्या आधी, मूठभर फुटाणे-शेंगदाणे. हे खाल्ल्यानं ‘कॅलरी वाढतील’ अशी भीती वाटते. वाढू देत. संध्याकाळी त्यांच्या तिप्पट वाचतात.

खरी भूक ओळखायला माझ्या आजीची म्हण पुरते: भुकेला कोंडा, निजेला धोंडा. आत्ता कुणी साधी भाकरी आणि लसणाची चटणी दिली तर खाल का? हो असेल तर ती भूक आहे, जेवा. फक्त वेफर्सच हवे असतील, तर ते दुसरं काहीतरी आहे.

रविवारच्या मिसळीबद्दल सगळे विचारतात, म्हणून इथंच सांगते. नाशिककरानं मिसळ सोडू नये. मटकी चांगलीच आहे. जास्त होतं ते तीन ठिकाणी: वाटीमागून वाटी येणारी तर्री, मूठमूठ शेव, आणि गप्पांच्या नादात चौथा पाव. त्यात आपण सकाळपासून ‘मिसळ खायचीय’ म्हणून उपाशी जातो आणि पहिली प्लेट पाच मिनिटांत संपवतो. पोट भरल्याची जाणीव व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. घरून एखादं केळं खाऊन निघा, पहिल्या पावानंतर चमचा खाली ठेवा, दही सावकाश खा, समोरच्याशी बोला. तिसरा पाव हवा आहे का, ते मग विचारा. हवा असेल तर घ्या. आणि परत येऊन रात्रीचं जेवण रद्द करू नका, कारण शिक्षा सुरू झाली की एकादशीही सुरू झाली.

खाण्याआड लपलेलं दुःख न बघणं

मी चौदा दिवस एक वही ठेवली. कॅलरी नाही लिहिल्या. किती वाजता खाल्लं, भूक होती का, आणि त्याआधी काय झालं होतं, एवढंच. चौदांपैकी नऊ रात्री साडेदहाची वेळ होती, आणि नऊही वेळा त्याआधी आईचा फोन झालेला होता. आई तेव्हा आजारी होती, मी नाशिकला, ती गावी. फोन ठेवला की मी ओट्याशी जायचे. दिवसभरात तीच दहा मिनिटं अशी होती की कुणी मला काही मागत नव्हतं. खाण्यानं ती जागा भरून काढली होती, आणि मी मात्र चिवड्याच्या डब्याला कुलूप लावत बसले होते.

दुःखात खाणं हा गुन्हा नाही. आपण लहानपणापासून रडणाऱ्या पोराच्या हातात बिस्किट देतो, पास झाल्यावर पेढे वाटतो. अन्न आणि माया आपल्याकडं एकाच ताटात वाढली जाते, आणि ते चांगलंच आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा खाण्याशिवाय दुसरा आधारच उरत नाही. म्हणून वखवख आली की लगेच नाही म्हणू नका. दोन मिनिटं थांबा आणि स्वतःला विचारा, मला आत्ता नक्की काय हवंय? थकवा असेल तर झोप, राग असेल तर बोलणं, एकटेपणा असेल तर माणूस. मी फोननंतर गच्चीवर जाऊ लागले. कधी रडले, कधी बहिणीला फोन केला. काही रात्री तरीही चिवडा खाल्ला, पण वाटीत घेऊन, बसून. तेवढ्यानंसुद्धा फरक पडला.

आग्रह, आणि वाया जाईल म्हणून

गंगापूर रोडच्या लॉन्समधलं लग्न असो की घरची पंगत, ‘एक जिलेबी घ्याच’ म्हणणाऱ्या मावशीला ‘मी डाएटवर आहे’ सांगितलं की आग्रह दुप्पट होतो. त्यापेक्षा, ‘मावशी, पोट अगदी भरलंय, छान झाली होती; घरी न्यायला देता का दोन?’ तिला मायेची पावती हवी असते, ती मिळते.

घरातल्या बायकांचं दुखणं वेगळं. पोरानं टाकलेली अर्धी पोळी, पातेल्यातला तळाचा भात, सगळं शेवटी आईच्या ताटात. अन्न टाकू नये हे मलाही मान्य आहे. पण मग कणीक दोन मुठी कमी भिजवा, मुलाला आधी अर्धीच पोळी वाढा, आणि उरलं तर सकाळी फोडणीची पोळी करा. तुमची भूक तुमच्या ताटाशी संपली पाहिजे.

काही छोट्या चुका, पण महागात पडणाऱ्या

झोप. २००४ मध्ये शिकागो विद्यापीठात १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. रात्रपाळी करणाऱ्यांनी जेवणाचे नियम बदलण्याआधी दिवसाच्या झोपेसाठी खोलीला जाड पडदे लावावेत.

पाकिटं. २०१९ मध्ये केविन हॉल यांनी अमेरिकेत २० जणांवर केलेल्या अभ्यासात, हवं तेवढं खायची मुभा असताना, कारखान्यात तयार झालेलं अन्न खाताना त्याच माणसांच्या पोटात साध्या अन्नापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त गेल्या. ते अन्न खाल्लंही जास्त भराभर गेलं. घरचा शिरा आणि पाकिटातला केक यांत मी शिरा निवडेन.

व्यायाम प्रायश्चित्त म्हणून करू नका. कालच्या पुरणपोळीची भरपाई म्हणून गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर दहा फेऱ्या मारणारा माणूस चौथ्या दिवशी येत नाही. आवडतं म्हणून, मैत्रिणीबरोबर चालणारी वर्षानुवर्षं येते.

वजनकाटा रोज नको. मीठ, पाळी, बद्धकोष्ठ यांनीच दिवसाला किलो-दीड किलो इकडंतिकडं होतं. महिन्यातून एकदा पोटाचा घेर मोजा. भारतीयांसाठी बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.

आणि ‘२१ दिवसांत सवय’ यावर विश्वास ठेवू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेला मध्यम काळ ६६ दिवसांचा होता. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्यानं घडी विस्कटली नाही, हे त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं.

एवढं करूनही अडलं तर

तीन-चार महिने खाणं शांत झालं, पण वजन जागचं हलत नसेल, तर आधी थायरॉइडची तपासणी करा. पाळी अनियमित असेल तर पीसीओएसबद्दल, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाबद्दल विचारा. स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं वजन वाढवतात. ती मनानं बंद करू नका, पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारा. आणि एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगायला हवी: या वाटेनं खाण्याशी चाललेलं भांडण मिटतं, पण किलो किती उतरतील ते प्रत्येकाच्या शरीरावर आहे. माझे अडीच वर्षांत ८१ चे ७३ झाले आणि तिथंच थांबले. डॉक्टर म्हणाल्या, रक्तदाब चांगला आहे, आता याच्या मागं लागू नका. मी लागले नाही.

पण आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने किंवा जास्त काळ, लपून, भराभर, थांबताच येत नाही असं खाणं होत असेल आणि नंतर स्वतःची किळस वाटत असेल, तर तो अतिखाण्याचा आजार असू शकतो. २०१३ पासून मानसोपचारशास्त्रात त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता आहे आणि त्यावर उपचार आहेत. नव्या चार्टनं तो वाढू शकतो. मानसोपचारतज्ज्ञाकडं जा, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. काय सांगायचं सुचत नसेल तर एवढंच सांगा: रात्री भूक नसताना मी खाते, आणि मला थांबता येत नाही.