युगांडाच्या खेड्यात जाताय? आधी हापशावर जा

कंपालाहून निघालं की वाटेत विषुववृत्त ओलांडावं लागतं. साधारण 130 किलोमीटरवर मसाका लागतं. त्याच जिल्ह्यात, केळीच्या बागांत बुडालेल्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत मी मदतनीस म्हणून राहिले. तिकडे जायचं ठरवणारी मुलं-मुली मला हमखास विचारतात, "तिथे शिकवायचं काय?" माझं उत्तर: सुरुवातीचे काही आठवडे काहीही शिकवू नका. नुसतं बघा.

कारण साधं आहे. खेड्यातल्या शाळांत पहिली ते तिसरी स्थानिक भाषेत शिकवतात, मसाकाकडे लुगांडात. इंग्रजी माध्यम चौथीपासून सुरू होतं. खालच्या वर्गात शंभराच्या घरात पोरं असणं नवलाचं नाही. तिथे तुमची इंग्रजी कविता कुणाला काय कळणार? वह्या तपासणं, पुस्तकांचं कपाट लावणं, पाचवी-सहावीतल्या मुलांकडून वाचून घेणं, हे मात्र शिक्षकांना खरोखर हवं असतं. आणि अनाथाश्रमात "काही आठवडे मुलांना प्रेम द्यायला" जायचा विचार असेल तर तो सोडा. तिथल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि महिन्या-महिन्याला नवा ताई-दादा येऊन जाणं मुलांच्या मुळीच फायद्याचं नाही.

बघायचं कुठे? हापशावर. तिकडच्या हापशाला यू-टू म्हणतात. तो आपल्याकडच्या इंडिया मार्क टू हापशाचा भाऊ, आणि इंडिया मार्क टूची मुळं सोलापुरात बनलेल्या पंपात. म्हणजे दांडा ओळखीचाच. सकाळी तिथे पिवळ्या कॅनांची रांग असते. रांग कॅनांची, पोरांची नव्हे. पोरं बाजूच्या मोकळ्या जागेत केळीच्या सोपटांचा चेंडू वळून क्वेपेना खेळत असतात: दोघं दोन टोकांनी चेंडू मारणार, मधल्यानं चुकवायचा. नंबर आला की कुणीतरी हाक मारतं, पोरगी खेळ सोडून दांड्याला लोंबकळते, कॅन भरते. झाकण केव्हाच हरवलेलं, म्हणून कॅनच्या तोंडात एक कच्चं केळं दाबून बसवते. डोक्यावर केळीच्या पानाची चुंबळ, तिच्यावर कॅन, आणि चालू पडते. हात सोडून. मागे न बघता मैत्रिणीशी भांडत.

हे बघून आपली शहरी मंडळी एक तर "बिचाऱ्यांचं बालपण हरवलं" म्हणतात, नाहीतर "काही नसताना किती आनंदी!" म्हणतात. दोन्ही आळशीपणाची वाक्यं आहेत. काम आणि खेळ तिथे एकाच तासात बसतात, हे खरं. पण पाऊस ओढ धरतो तेव्हा रांग लांबते, शाळेला उशीर होतो आणि उशिराची शिक्षा होते, हेही तितकंच खरं. 1997 पासून सरकारी प्राथमिक शाळेची फी माफ आहे, तरी गणवेश, वह्या आणि दुपारच्या मक्याच्या पेजेचे पैसे घरूनच द्यावे लागतात. पेजेच्या वेळी कोण वर्गातच बसून राहतं, तेवढं पाहिलंत तरी गावाची परिस्थिती कळते.

मी जिच्या घरी राहत होते तिला सगळे नालोंगो म्हणत. जुळ्यांच्या आईला मानानं असंच हाक मारतात. तिच्या घरातल्या मुली मोठ्यांना नमस्कार करताना गुडघे टेकायच्या. पहिल्यांदा बघून अवघडायला होतं. पण मुलीला हात धरून उठवू नका, आणि तिच्या आजीपुढे समतेवर भाषण तर मुळीच देऊ नका. बसून घ्या आणि "रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत" ही प्रश्नोत्तरं पूर्ण होऊ द्या. ती लांबतात. लांबू द्या.

मुलांना आई-वडिलांबद्दल विचारू नका. 1982 मध्ये युगांडातले पहिले एड्सचे रुग्ण ओळखले गेले ते शेजारच्या राकाई भागात. त्या साथीनं इथल्या कितीतरी घरांतली मधली पिढी नेली, आणि नातवंडं वाढवणाऱ्या आज्या आजही भेटतात. त्याऐवजी कूळ विचारा. इथल्या लुगांडा बोलणाऱ्या बागांडा लोकांत प्रत्येक कुळाचं एक चिन्ह असतं, आपल्या देवकासारखं. कुणाचं माकड, कुणाचा सिंह, कुणाचा नाकतोडा. आपलं चिन्ह खायचं नाही, हा नियम. या प्रश्नावर पोरं तासभर बोलतात.

नाकतोड्यावरून आठवलं. जमलं तर नोव्हेंबरात तिथे असा. पावसानंतर हिरव्या नाकतोड्यांचे थवे येतात, त्यांना एन्सेनेने म्हणतात. मसाकात रात्री प्रखर दिवे लावून पत्रे उभे करतात. नाकतोडे पत्र्यावर आपटून खालच्या पिंपात घसरतात. खेड्यात पोरं पहाटे ओल्या गवतातून वेचतात. मग ओट्यावर बसून पाय, पंख तोडायचे. सहा वर्षांच्या पोराचा हात इतका झरझर चालतो की आपली एक चिमूट होईपर्यंत त्याची वाटी भरते. तव्यावर ते स्वतःच्याच चरबीत तळले जातात, वर कांदा-मीठ. पूर्वी बायकांना ते खायची मनाई होती. नालोंगोनं माझ्यापुढे वाटी सरकवली आणि स्वतः दोन मुठी घेतल्या. चव चांगली लागते, कुरकुरीत. मात्र सातवीची बोर्ड परीक्षा नोव्हेंबरातच असते, तेव्हा त्या वर्गाच्या आसपास फिरकू नका.

आता कामाचं. यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या. ते कार्ड नसेल तर परतताना भारतातच अडकाल. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. तळ्यात उतरू नका, बिल्हार्झिया होतो, म्हणजे पाण्यातून अंगात शिरणाऱ्या कृमींचा आजार. पर्यटक व्हिसावर शाळेत काम चालतं असं धरून चालू नका, संस्थेकडून परवान्याचं लेखी मागा. मुलींनी लांब स्कर्ट न्यावेत. वेळ ठरवताना सावध राहा, कारण तिथले तास सूर्योदयापासून मोजतात. "सकाळी दोन वाजता" म्हणजे आपले आठ. म्हातारी माणसं तुम्हाला भारतीय दुकानदारांबद्दल विचारतील. 1972 मध्ये तेव्हाचा हुकूमशहा इदी अमीननं आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला, त्याच्या आठवणी निघतील. वाद घालू नका, ऐकून घ्या.

फोटो काढलेत तर मसाकात प्रिंट काढून घरी नेऊन द्या. चॉकलेटं वाटू नका, दुसऱ्या दिवसापासून पोरांना तुमचं नाव तेच वाटतं. द्यायचंच असेल तर शाळेला फुटबॉल आणि हवा भरायचा पंप द्या. पंपाच्या सुया चार-पाच जास्त न्या, त्या पहिल्या आठवड्यातच हरवतात आणि खेड्यात मिळत नाहीत.