पारितोषिकप्राप्त विद्यार्थी-लेखनाचा संग्रह कसा सिद्ध करावा

विद्यापीठाच्या साहित्य पुरस्काराचा निकाल लागून प्रमाणपत्रे वाटली गेली की कथा-कवितांची हस्तलिखिते बहुधा विभागाच्या कपाटात जाऊन पडतात. ती पुस्तकरूपाने आणायची असतील, तर मुद्रणालय गाठण्याआधी विद्यार्थ्यांची लेखी परवानगी घ्यावी. नुसते पारितोषिक दिल्याने लेखनाचा स्वामित्वहक्क विद्यापीठाकडे जात नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो हक्क लेखी हस्तांतराखेरीज लेखकाकडून सुटत नाही, आणि त्या लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणून परवानगीपत्रात ‘केवळ या संग्रहापुरती’ असे स्पष्ट लिहून घ्यावे.

खरी कसोटी लागते ती भाषेच्या संस्करणात. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम हाताशी ठेवून निवेदनातील ऱ्हस्वदीर्घ अवश्य सुधारावेत. परंतु निपाणी किंवा खानापूरकडील विद्यार्थिनीच्या कथेतली आजी ‘काय करालाईस?’ असे विचारत असेल, तर तिथे ‘काय करतोस?’ करणारा संपादक शुद्धलेखन सुधारत नसून पात्र बदलत असतो. ‘परडं’, ‘अक्का’ यांसारख्या शब्दांना तळटीप द्यावी की नाही, हा प्रश्न हमखास निघतो. माझ्या मते देऊ नये, कारण हा संग्रह प्रथम वाचणार आहेत ते हे शब्द घरी बोलणारेच लोक. गावांच्या नावांबाबतही हाच विवेक ठेवावा: १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगाव शहराचे अधिकृत नाव बेळगावी असल्याने प्रकाशनाच्या पत्त्यात ते यावे, मात्र कवितेत ‘बेळगाव’ असेल तर वृत्तही सांभाळायचे असते, तेव्हा त्याला हात लावू नये.

मजकूर जुन्या लिपीसंचातून (फॉन्टमधून) युनिकोडमध्ये आणला असल्यास मुद्रिते (प्रुफे) दोनदा वाचावीत. अशा रूपांतरात ‘ऱ्य’ हे जोडाक्षर वारंवार बिघडते आणि खानापूरच्या रानातल्या ‘दऱ्या’ एका फटक्यात ‘दर्या’ होतात. सह्याद्रीत समुद्र शिरला तरी संगणक तक्रार करीत नाही. दुसरे वाचन शक्यतो लेखकाकडूनच करून घ्यावे.

क्रम लावताना पहिला, दुसरा, उत्तेजनार्थ अशी उतरंड पुस्तकात आणू नये. ती परिशिष्टात एका पानावर पुरे. एकापाठोपाठ दोन शोकांतिका आल्या तर दुसरीवर अन्याय होतो, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धे काम झाले. प्रस्तावनेत मान्यवरांचे शुभसंदेश छापण्यापेक्षा परीक्षकांनी निवडीची कारणे लिहावीत, कारण पुढच्या वर्षीचा स्पर्धक तीच पाने आधी उघडतो.

पृष्ठसंख्या सोळाच्या पटीत बसवावी, कारण एका फर्म्यात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या घडीत, सोळा पृष्ठे असतात; ११२ पृष्ठे म्हणजे नेमके सात फर्मे होतात आणि कागद वाया जात नाही. ग्रंथक्रमांकासाठी (आयएसबीएन) राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे अर्ज छपाईपूर्वीच करावा. प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्याने नेमलेल्या अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठविणे १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्याच गठ्ठ्यातील एक प्रत १८४८ पासून चालत आलेल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात आणि एकेक प्रत विद्यार्थ्यांच्या मूळ गावच्या शाळेत पोहोचवावी.