दुर्मीळ बेसबॉल कार्डाची पारख

जुन्या अमेरिकन बेसबॉल कार्डावर, म्हणजे खेळाडूचे चित्र असलेल्या संग्राह्य कार्डावर, नाव चुकीचे छापलेले असले किंवा त्याची पाठ कोरी असली, की नजर थेट त्या वेगळेपणावर जाते. तपासणी मात्र तिथून सुरू करू नये. आधी कार्ड कोणत्या मालिकेतले आहे ते ठरवावे आणि मगच माप, छपाई व पाठीवरची जाहिरात यांचा मेळ त्या मालिकेशी बसतो का, ते पाहावे.

उदाहरणार्थ, १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेली ‘टी २०६’ मालिका घ्या. या मालिकेत शेरी मॅगी या खेळाडूचे आडनाव सुरुवातीच्या काही कार्डांवर ‘एमएजीआयई’ असे चुकीचे छापले गेले आणि पुढे ‘एमएजीईई’ असे दुरुस्त झाले. चुकीच्या कार्डाला मोठी मागणी असल्यामुळे दुरुस्त कार्डावरचे एक अक्षर खरवडून ते ‘आय’ करण्याचे प्रकार घडतात. अशा वेळी प्रथम कार्ड उलटून पाहावे. ही चूक केवळ पिडमाँट सिगारेटची ‘पिडमाँट १५०’ ही जाहिरात असलेल्या पाठीवर आढळते. दुसरी जाहिरात दिसली, तर पुढे काही तपासायची गरजच उरत नाही. पाठ जुळली, तर दहापट भिंगाखाली ते अक्षर न्याहाळावे: कागदाचे तंतू उठलेले आहेत का, शाईची छटा शेजारच्या अक्षरांहून निराळी आहे का?

भिंगाने नक्कलही ओळखता येते. मूळ कार्डे शिळाछापाची असल्याने नावाची अक्षरे सलग तपकिरी शाईत उमटलेली असतात, तर नंतरच्या पुनर्मुद्रणात तीच अक्षरे बहुधा बारीक रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात. अतिनील दिव्याखाली पुठ्ठा निळसर पांढरा चमकला, तर त्यात उजळ करणारी रसायने असण्याची दाट शक्यता असते, आणि ती कागदात सर्रास वापरली जाऊ लागली दुसऱ्या महायुद्धानंतर. चमक नसणे हा मात्र अस्सलपणाचा पुरावा नव्हे, कारण जुन्या कोऱ्या कागदावरही छापता येते.

कडांकडे विशेष लक्ष द्यावे. कोपरे झिजलेले आणि कड मात्र ताजी, धारदार असेल, तर कार्ड कापलेले असू शकते. कार्डाची श्रेणी ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रावरही डोळे झाकून विसंबू नये. होनस वॅगनर या खेळाडूच्या सर्वांत गाजलेल्या ‘टी २०६’ कार्डाला १९९१ मध्ये उच्च श्रेणी मिळाली होती, पण त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या, अशी कबुली लिलावकर्ते बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये दिली.

माझ्या मते सर्वांत उपयोगी साधन म्हणजे त्याच मालिकेतले, त्याच पाठीचे एक साधे, स्वस्त, खात्रीचे कार्ड. ते शेजारी ठेवून पुठ्ठ्याची जाडी, शाईची छटा आणि पृष्ठभागाचा पोत एकेक करून ताडून पाहावा, आणि तोवर संशयित कार्ड पुसू किंवा दाबून सरळ करू नये.